पंपाचा जोड

रीताने खालच्या बोर्डावरचं पंपाच्या एमसीबीचं बटण गुपचूप पाडून पंप बंद केला आणि गच्चीवर जाऊन तोंड पाडून उभी राहिली.

“मामाजी, पंप पुन्हा बंद. वायरच्या जोडात पानी गेलं वाटते.”

गच्चीवर तीन पाइपांत मातीविना, नुसत्या वाहत्या पाण्यावर पालक वाढत होता. तिचे मामाजी, म्हणजे सासरे भैयाजी, खुर्चीतून उठले. आमगावात तीस वर्षं लाइनमन राहिलेल्या माणसाच्या जोडात पाणी शिरतं म्हणजे काय!

पण तीन महिन्यांपूर्वी लकव्याने त्यांचा उजवा हात लुळा पाडला होता. डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी अंगणात भिरकावला. “मी का लेकरू आहो, चेंडू खेळाले?” बोटं हलली नाहीत तर हात कायमचा गेला समजा, असं डॉक्टरांनी रीताला बजावलं. चेंडू नाही तर वायर, तिने त्याच दिवशी ठरवलं. सासऱ्यांना फसवणं तिच्या जिवावर यायचं, पण हात जास्त मोलाचा होता.

मग रोज सकाळी तेच. जुनी टेप सोडायची, तारा पिळायच्या, वर प्लास्टिकची नळी सरकवून लायटरने गरम करायची, म्हणजे ती आक्रसून घट्ट बसते. त्यावर रबरी टेप ताणून गुंडाळायची. टेप बोटांतून निसटायची. रीता उचलायला वाकायची.

“हात नोको लावू. मी करून राहिलो ना!”

पहिल्या आठवड्यात एका जोडाला दोन तास लागले, महिन्याभराने अर्धा. ते घामाघूम व्हायचे, टेपच्या सात पिढ्या उद्धरायचे, पण काम सोडायचे नाहीत. शेवटी रीता हळूच खाली जाऊन बटण वर करायची आणि पंप सुरू व्हायचा.

काल दुपारी भैयाजींनी उजव्या हाताने वरण-भात कालवून खाल्ला. एक शीत सांडलं नाही. रीताला रडू आवरेना. आता हे नाटक पुरे, तिने ठरवलं.

आज तिने बोर्डाला हातच लावला नाही. तरी पंप थांबला. जोडात खरंच पाणी शिरलं की काय, आणि मामाजी वर एकटे! बटण पाडायला ती धावत बोर्डाकडे गेली. पंपाचं बटण आधीच खाली होतं.

“कोनं पाडलं हे?”

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“तुह्या मामाजीनं. पाडून वर गेले. म्हनत होते, पोरगी आज बटन पाडाले भुलली वाटते.”