कोरड्या पट्ट्या

"अजून अर्धी बाटली पी," तांबोळी सर मयूरीला म्हणाले. दोन केळी आणि लिटरभर पाणी पोटात गेलं, तेव्हा कुठे वजनकाटा पन्नासच्या पुढे सरकला.

खालच्या वजनगटात शेजारच्या तालुक्याची एक तगडी मुलगी होती. वरच्या गटात कुणीच नव्हतं. पोरींना आपसात भिडवायचं नाही, हे दोन्ही प्रशिक्षकांनी सकाळी चहावरच ठरवलं होतं. दोघींना सुवर्णपदक, दहावीला खेळाचे मार्क, पालक खूश. अठरा वर्षं सर हेच करत आले होते. आता त्यांना त्याची लाजही वाटत नसे.

दुपारी मयूरी बॉक्सिंगच्या रिंगमध्ये एकटीच उभी राहिली. पंचांनी तिचा हात उंचावला, वडिलांनी फोटो काढला. तिचं हे चौथं सुवर्ण; चारही अशीच, न लढता मिळालेली.

खाली आल्यावर ती हातावरच्या पट्ट्या सोडू लागली. त्यांना घामाचा ओलावाही नव्हता.

"सर, मी तिला हरवलं असतं का?"

"माहीत नाही गं."

सरांनी हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. तीही गळ्यात पदक घालून कोरड्या पट्ट्या सोडत बसली होती, आणि मयूरीकडेच बघत होती.