चौथा रिसीव्हर

माझी बायको लोरेन पोस्टाच्या पायरीवर कोसळली आणि तिथेच गेली, हा फोन आला तेव्हा मी पोरांचा सराव घेत होतो. त्याच शुक्रवारी मोसमातला शेवटचा सामना होता. घरात बसवेना, म्हणून मी तिथेही जाऊन उभा राहिलो.

लबकजवळच्या एका शाळेत मी अमेरिकन फुटबॉलचा कोच आहे. चेंडू झेलायला माझ्याकडे चार रिसीव्हर होते, पण मी आलटूनपालटून तिघांनाच खेळवायचो. चौथा, कोल्बी, वर्षभर बाकावर. त्यावरून दर आठवड्याला मला शाळेत एक टाइप केलेलं निनावी पत्र यायचं. जेवताना मी ते लोरेनला वाचून दाखवायचो.

"कोल्बीचा बाप दिसतोय. सही करायची हिंमत नाही गड्याची."

"कुणी का असेना, तुझ्यापेक्षा शहाणा आहे," मक्याचा पाव पुढे सरकवत ती म्हणायची.

"कुणाला खेळवायचं ते घरात बोलायचं नाही, ठरलंय ना आपलं?"

"मी कुठे बोलले? तूच वाचतोयस, व्हर्न."

शेवटच्या सामन्यातही मी त्याच तिघांना खेळवलं.

आठवड्याने तिची पर्स उघडली. आत तिकीट लावलेलं एक पाकीट होतं, माझ्या नावाचं, शाळेच्या पत्त्यावर. पाकिटात तसंच टाइप केलेलं, बिनसहीचं पत्र:

"कोच, त्या चौथ्यालाही दोन हात आहेत. निदान शेवटच्या सामन्यात तरी उतरवा त्याला."



कोल्बीचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष होतं, आणि मी त्याला एकदाही मैदानात उतरवलं नाही.