लांबलेला ठोका

गंगापूर रोडवरच्या छोट्या सभागृहासमोर रिक्षा थांबली. ड्रम उतरवता उतरवता प्रबुद्धने सांगून टाकलं, "हर्षाली, हा आपला शेवटचा कार्यक्रम. लग्नाच्या बँडला मी हो म्हणालोय. तिथं लोक नाचतात तरी. आपलं हे संथ वाजवणं कुणाला कळतं?"

कॉलेजपासून दोघं एकत्र वाजवत होते. कीबोर्ड छातीशी धरून हर्षाली सभागृहाच्या पायऱ्या चढू लागली.

कार्यक्रम सुरू झाला, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शेवटच्या रचनेत तिने एक लांब सूर धरला. त्यावर प्रबुद्धचा ठोका पडायचा होता. तो काही पडेना. तिने तिरक्या नजरेने पाहिलं, तर त्याने काठ्या खाली ठेवल्या होत्या. तरी तिने बोट पट्टीवरून उचललं नाही. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

बऱ्याच वेळाने ड्रमवर नुसत्या बोटांचा एक हलका ठोका पडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी धावत स्टेजपाशी आली. "सर, शेवटी तुम्ही जे थांबलात ना, अंगावर काटा आला! किती तालीम केलीत त्याची?"

हर्षाली कीबोर्डची वायर गुंडाळू लागली.



"तालीम कसली? मी उठून निघालोच होतो," प्रबुद्ध म्हणाला, "हिने सूरच सोडला नाही, मग जाणार कसा?"