वीतभर केस

“तू दिलेल्या गोळ्यांनीच मारलं बाबांना,” भाऊ चारचौघांत ओरडला. औषधांच्या विषारी परिणामांवर संशोधन करणाऱ्या बहिणीने बाबांचा कंगवा प्रयोगशाळेत नेला. त्यात अडकलेले केस वीतभर लांब निघाले. आई होती तोवर ती त्यांना ओढून न्हाव्याकडे न्यायची. पोटात गेलेलं औषध केसात उतरतं. टोकाला जुनं, मुळाशी ताजं. तिने केस मुळाकडून जुळवून तुकड्यातुकड्याने तपासले. टोकाला औषध योग्य प्रमाणात होतं. पुढे मुळापर्यंत कणभरही नव्हतं. आई गेली आणि गोळ्या थांबल्या. फोनवर मात्र बाबा तिला रोज ठणकावून सांगायचे, “घेतली गं, डोकं नको खाऊ.” तिने हे भावाला फोनवर सांगितलं. “सुटलीस म्हणजे!” तो म्हणाला. “दादा, बाबा असताना त्यांचे एवढे वाढलेले केस तू पाहिले होतेस?” तिनेही पाहिले नव्हते.