मावशींची किल्ली

गल्लीतल्या एकट्यादुकट्या माणसांच्या जादा किल्ल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, काउंटरमागच्या भिंतीवर टांगलेल्या असत. रंगकाम काढलं म्हणून दुकानदाराच्या सुनेनं काल खिळे उपटले आणि सगळ्या किल्ल्या बिस्किटांच्या डब्यात टाकल्या. सासरे परगावी होते. आल्यावर लख्ख भिंत बघून शाबासकी देतील, असं तिला वाटलं. आज सकाळी ते परतले, पण शिवणकाम करणाऱ्या मावशी दुधाला आल्याच नाहीत. सासरे आणि सून डबा घेऊन मावशींच्या घरी धावली. दाराआडून, खाली जमिनीलगत, हळू टकटक ऐकू येत होती. "यातली मावशींची कुठली?" तिनं विचारलं. "मी खिळ्यावरून ओळखायचो गं," सासरे म्हणाले आणि दाराला तोंड लावून मावशींशी बोलत बसले. ती एकेक किल्ली लावून बघत राहिली. एक अर्ध्यात अडकली. शेवटी एक फिरली. टकटक केव्हाच थांबली होती. सासरे मात्र अजून सांगत होते, "आलोच हं, मावशी. हे काय, आलोच."