दोनशे चौदा नंबरची ओळ

मंजुषानं गव्हाचं पान उलटलं आणि त्यावरून बोट फिरवलं. बोटाला विटकरी भुकटी लागली. तांबेरा.

"मॅडम, हिलाबी धरलं का?" बांधावरून नवसाबाईनं विचारलं. या शेतात पाणी धरायचं काम तिचं.

मंजुषानं पाटीवरचा नंबर पुन्हा वाचला. दोनशे चौदा. गांगुर्डे सरांची ओळ.

एकवीस वर्षं खपून सरांनी हा एक गहू घडवला होता, तांबेऱ्याला दाद न देणारा. निफाडकडच्या या शेतात यंदा त्याची शेवटची परीक्षा होती. अडीचशे वाणांच्या ओळी आणि सगळ्यांवर मुद्दाम फवारलेला रोग. जो हिरवा राहील तो खरा. पेरणी सरांनी स्वतः उभं राहून करून घेतली, नंबरच्या पाट्याही स्वतःच्या हातानं रोवल्या. पुढं महिन्याभरात साखरेनं त्यांची नजर नेली, मग मूत्रपिंडं. आता ते नाशिकला हॉस्पिटलात होते आणि डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घ्यायला सांगितलं होतं.

"एक वळ मातर लय झ्याक हाय," नवसाबाई म्हणाली. "ती बघा, सत्त्याऐंशी. डाग नाय एक."

सत्त्याऐंशी म्हणजे यादीप्रमाणे परराज्यातून आलेला कुणाचा तरी वाण. मंजुषानं पान न् पान तपासलं. खरंच स्वच्छ. वहीत तिनं तसं लिहिलं, पण त्या हिरव्या ओळीकडे तिला बघवेना.

दुपारी ती हॉस्पिटलात पोचली तेव्हा सरांच्या पत्नी साधनाकाकू दारातच उभ्या होत्या.

"कालपासून एकच धोशा लावलाय. मंजू आली का, गहू कसा आहे." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "सुखानं जाऊ दे गं त्यांना."

पावलांच्या आवाजावरूनच सरांनी ओळखलं.

"मंजू? बोल."

डोळ्यांनी दिसेल तेच सांगायचं, हे तिला याच माणसानं शिकवलं होतं.

"दोनशे चौदा हिरवीगार आहे, सर. बाकी सगळं गेलं."

"बाकी सगळं? सत्त्याऐंशीसुद्धा?"

"सत्त्याऐंशीसुद्धा."

सरांच्या डोळ्यातून एक थेंब ओघळून कानापाशी गेला. मंजुषाला बरं वाटलं. तिनं त्यांचा हात हातात घेतला.

"मग संपलं," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"पेरणीच्या दिवशी मी पाट्या बदलल्या होत्या, कुणाला न सांगता. तुझा जीव दोनशे चौदावर. माया असली की डोळ्यांना डाग दिसत नाहीत. आपला गहू सत्त्याऐंशीच्या पाटीखाली होता."

मंजुषा ताडकन उठली. "सर, मी खोटं बोलले! सत्त्याऐंशीच वाचलीय. एकटी तीच! तुमच्या गळ्याची शपथ, सर, काकूंना विचारा, नवसाबाईला फोन लावते..."

सरांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते हसले.

"पोरी, जन्मात कधी खोटं बोलली नाहीस. आता माझ्यासाठी कशाला जीभ विटाळतेस?"