हिरवा ठिपका

वाडीतल्या आपल्या अंगणात रोशनीने मोबाइल दिपिकाच्या हातात दिला आणि तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"ताई, हे तुझंच नाव हाय ना?"

दिपिकाचंच होतं. 'बोली ओळखणारी यंत्रणा : दिपिका म्हात्रे, पेण.' ॲप मात्र रोह्याच्या एका ठेकेदाराचं होतं, कंपनीत पॅकिंगला बायका घेण्यासाठीचं. तीन प्रश्नांची उत्तरं बोलायची, मशीन ऐकतं आणि दुसऱ्या मिनिटाला निकाल देतं.

"वाडीतल्या नऊ जणी बोललो. नऊच्या नऊ नापास," रोशनी म्हणाली. कातकरीवाडीतली ती पहिली बारावी. "गावातली प्रतिक्षा दहावीला दोनदा बसली, ती लागली. मशीन आमाला बोलण्यावरनं वळखतं."

ते ओळखणारच. दोन शब्दांत ओळखावं म्हणूनच दिपिकाने ते घडवलं होतं. दवाखान्याच्या फोनवर वाडीतलं कुणी बोललं की पडद्यावर हिरवा ठिपका यावा आणि त्यांची बोली जाणणारी नर्स फोनवर यावी, एवढ्यासाठी. रोशनीची आई बायजाबाई याच अंगणात, मशीनला बोली शिकवायला, महिनाभर माइकपुढे बोलली होती. खेकडे, कंदमुळं, पोटदुखी, सासू, जे सुचेल ते. पहिल्या दिवशी तिने एकच विचारलं होतं, "दवाखान्यासाठीच ना गो?" दिपिका हो म्हणाली होती.

पुढे कुणीही फुकट न्यावं म्हणून ते सगळ्यांसाठी खुलं करताना दिपिकाने तशी अट लिहिलीही : फक्त उपचारासाठी वापरावं, माणसं निवडायला किंवा नाकारायला नाही. सोबत काम करणारा निलेश म्हणाला, "असली अट घातलीस तर त्याला खुलं म्हणत नाहीत. कुणी हात लावणार नाही." तिने ती ओळ खोडली. निलेश खोटं बोलला नव्हता. आणखी तीन तालुक्यांतल्या दवाखान्यांनी ते नेलं, आणि ठेकेदारानेही नेलं. एकच अट उरली होती, घडवणाऱ्याचं नाव द्यावं. ती त्याने इमानाने पाळली.

"मी आजच अट परत घालते," दिपिका म्हणाली.

"मग तो बंद करंल?"

"नाही. त्याने आधीच नेलंय. नेलेल्याला ती लागत नाही."

"म्हंजे बैल गेला नि झोपा केला," दाराशी बसलेली बायजाबाई म्हणाली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर दिपिकाला बरं वाटलं असतं.

"आये, तू गप गो," रोशनी म्हणाली. "भरती उद्या बंद व्हतेय. अजून एकदा बोलता येतं. ताई, तुझ्या मोबाइलात ते दवाखान्याचं हाय ना? लाव."

दिपिकाने लावलं. रोशनी ताठ बसली. "मला काम पायजे." हिरवा ठिपका आला. "मला काम हवं आहे." तरी आला.

ते नेमकं कुठे पकडतं, हे दिपिकाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. "शेवट ओढू नकोस," ती हळूच म्हणाली. "आवाज वर नेऊ नकोस, सपाट ठेव." महिनाभर जपून गोळा केलेलं ती आता या पोरीच्या तोंडून एकेक करून काढून टाकत होती. तिला स्वतःची लाज वाटली. पण ती थांबली नाही, कारण भरती उद्या बंद होणार होती.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. चौदाव्या खेपेला ठिपका आला नाही. रोशनीने पुन्हा बोलून पाहिलं. तेव्हाही नाही.

"जमलं," दिपिका म्हणाली.

बायजाबाई इतका वेळ नुसती बघत होती. ती पुढे सरकली आणि मोबाइलवर वाकून म्हणाली, "रोशे, सकालपासून जेवलीस का गो?"

ठिपका लगेच पेटला.

"हो आई, जेवले," रोशनी म्हणाली. आपण कसं बोललो, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

ठिपका विझला.